पितळी काडतुसं आणि गोठ्यावरचा माळा

बटाटा, पगार, चावी हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. 'काडतूस' हा शब्दही त्यांचाच. मूळ शब्द 'कार्तुशो'च्या जवळपास उच्चारला जातो. कोकण किनाऱ्यावर त्यांच्या तोफाबंदुकांबरोबर तो उतरला आणि आपल्या जिभेवर घोळून घोळून इतका मराठी झाला की आज तो परका वाटत नाही. शब्द तोच राहिला, वस्तू मात्र तीनचार वेळा पार बदलली. गेले काही महिने मी या वस्तूच्या मागे लागलो आहे. कारण घरचंच आहे, ते पुढे येईलच. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे सुरुवात थोडी लांबून करणार. घरच्या मंडळींना सवय आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं!

शाळेत १८५७ चा धडा शिकवताना दरवर्षी एक गंमत व्हायची. 'शिपायांना काडतुसं दातांनी तोडावी लागत' हे वाक्य आलं की मुलं एकमेकांकडे बघायची. त्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं चकचकीत पितळी काडतूस असायचं. ते दातांनी कसं तोडणार? मग मी फळ्यावर चित्र काढायचो. तेव्हाचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी. आत मोजून बांधलेली दारू आणि शिशाची गोळी. पुडीचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी, आणि गजाने ठासायचं. नव्या एन्फिल्ड बंदुकीत गोळी सहज उतरावी म्हणून कागदाला चरबी लावलेली, आणि ती गाईची की डुकराची यावरून पुढचं सगळं झालं. २४ एप्रिल १८५७ ला मेरठला घोडदळाच्या ९० शिपायांपुढे ही काडतुसं ठेवली. त्यातल्या ८५ जणांनी हात लावायला नकार दिला. कागदाच्या एका पुडीने साम्राज्य हलवलं, असं मी वर्गात जरा नाटकी आवाजात सांगायचो. मुलांना ते आवडायचं.

खरी गंमत अशी की ही कागदी पुडी त्या वेळी आधीच म्हातारी झालेली होती. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोरसिथ नावाचा एक पाद्री होता. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक पेटते, तिचा उजेड होतो, मग आतली दारू पेटते. तेवढ्यात बदकं उडून जात. यावर उपाय शोधता शोधता त्याने ठोका बसताच पेटणारी स्फोटक पूड बंदुकीला जोडली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची चिमुकली टोपी आली, तिला आपल्याकडे 'केप' म्हणतात. मग १८३० च्या दशकात पॅरिसच्या कासिमिर लफोशे याने मागून उघडणारी बंदूक आणि तिच्यासाठी दारू, छर्रे, केप सगळं एकाच डबीत बसवलेलं काडतूस आणलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते इंग्रज कारागिरांनी पाहिलं. म्हणजे मेरठच्या शिपायांना पुडी दातांनी फाडायला सांगत होते, तेव्हा विलायतेतले हौशी शिकारी मागून काडतूस सरकवून बदकं मारू लागले होते. लष्करं नेहमीच हौशी लोकांच्या मागे असतात की काय, कोण जाणे.

१८६६ साल महत्त्वाचं. त्या साली इंग्रज कर्नल बॉक्सर याचं पितळी पत्र्याचं काडतूस ब्रिटिश फौजेत आलं आणि त्याच साली अमेरिकेत हायरम बर्डन याने केप बसवायची आपली पद्धत काढली. पुढे झालं असं की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. आजही तसंच आहे. बॉक्सर पद्धतीत वापरलेली केप आतून एका काडीने ढकलली की निघते, म्हणून ते काडतूस परत भरायला सोपं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता आपल्या विषयाकडे. रायफलीचं नव्हे, छर्ऱ्याच्या बंदुकीचं काडतूस. आपल्याकडे जिला सरसकट 'बारा बोअर' म्हणतात ती. या 'बारा'चा हिशोब मजेशीर आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी नळी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची बंदूक त्यामुळेच बारापेक्षा लहान असते. आकडा मोठा आणि नळी बारीक, हे विद्यार्थ्यांना पटवताना माझी पुरेवाट व्हायची.

विलायतेत या बंदुकीला कागदी नळकांड्याची काडतुसं वापरत. तळाला पितळेची वाटी, वर गुंडाळलेला जाड कागद. एकदा उडवलं की फेकून द्यायचं. इंग्रज सरदार एका दिवसात शेकडो पक्षी मारणार, रिकाम्या नळकांड्या कोण गोळा करत बसणार? पण हाच कागद हिंदुस्थानच्या पावसाळ्यात फुगायचा. फुगलेलं काडतूस नळीत शिरेना, शिरलं तर निघेना. शिवाय जंगलात, खेड्यात दुकान कुठलं? म्हणून वसाहतीतल्या लोकांसाठी संपूर्ण पितळी काडतुसांना मागणी होती. किंमत जास्त, पण ते पुन्हा पुन्हा भरता यायचं. लंडनचे इली बंधू आणि बर्मिंगहॅमचा कायनॉक हे यातले मोठे कारखानदार. विल्यम इली १८४१ साली स्फोटक पुडीचा प्रयोग करताना स्फोटात गेला, तरी घराण्याने धंदा सोडला नाही. पुढे या दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि 'इली-कायनॉक' हे नाव हिंदुस्थानातल्या बंदूकवाल्यांच्या तोंडी बसलं.

पण बंदूक बाळगायची तर परवाना हवा. १८७८ साली लॉर्ड लिटनने हत्यारांचा कायदा केला. (देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही याच गृहस्थाचा आणि त्याच सालचा.) देशी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला सूट. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड दुसऱ्याच वर्षीचं, १८७९ चं, हे दोन सनावळीत शेजारी शेजारी ठेवून पाहावं. कुर्गच्या कोडवांना मात्र सूट मिळाली आणि ती आजतागायत टिकून आहे. आमच्या कोकणातल्या शेतकऱ्याला मिळायचा तो शेतीसंरक्षणाचा परवाना. बहुतेकांकडे ठासणीची बंदूक, ज्याची ऐपत थोडी बरी त्याच्याकडे बारा बोअर. रानडुक्कर, वानर, साळिंदर यांच्यापासून भात आणि बागा राखायच्या, एवढाच तिचा उपयोग.

आमच्या आजोबांकडे अशी बंदूक होती. एकनळी नव्हे, जोडनळी, बाहेरून घोडे असलेली. तिच्याबरोबर घेतलेली इलीची पितळी काडतुसं दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती. दुसऱ्या महायुद्धात विलायती माल यायचा आटला, तेव्हा तालुक्यातल्या कागदी काडतूसवाल्यांच्या बंदुका भिंतीवर टांगून राहिल्या आणि आमच्या घरची बंदूक चालू राहिली. ती याच पितळी नळकांड्यांमुळे. हे वडील मोठ्या अभिमानाने सांगत.

भरायचं काम धाकट्या काकांकडे. ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. दिवाळीच्या आधी कोरड्या हवेत, ओटीवर, विडीकाडीवाल्याला तिकडे फिरकायलाही बंदी. आधी नळकांडी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन राखेने घासायची. काळ्या दारूचा मळ तसाच राहिला तर पितळ खातो. मग मापाची एक पितळी वाटी, तिला लाकडी मूठ. दारूवर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर घोंगडीच्या तुकड्याची जाड चकती, मग छर्रे, मग पुन्हा पुठ्ठा आणि कडेने मेण. पितळेचा पत्रा कागदापेक्षा पातळ, त्यामुळे आतली पोकळी मोठी. बारा नंबरची तयार चकती त्यात सैल पडते. म्हणून काकांनी लोहाराकडून चकत्या पाडायचा वेगळा, थोडा मोठा ठसा करून घेतला होता. ही अक्कल त्यांना कोणी शिकवली नव्हती. परदेशातले जुने शिकारीही पितळी काडतुसाला एकदोन मापं मोठी चकती वापरत, हे मी आता वाचलं, तेव्हा काकांचा तो ठसा आठवून ऊर भरून आला.

(आता कोणी उत्साही भाचा-पुतण्या हे वाचून काही करायला जाईल, म्हणून सांगून ठेवतो. परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसं बोटं आणि डोळे घालवून बसतात. मी इतिहास सांगतो आहे, कृती नव्हे.)

१९५९ च्या आश्विनातली गोष्ट. भात पोटरीतून बाहेर आलेलं. रात्री डुकरांचा कळप खालच्या मळ्यात उतरला. आजोबा मचाणावर होते. एक बार झाला, तो जेमतेम लागला असेल नसेल. दुसरा बार टाकला आणि नवीन भरायला बंदूक उघडली, तर दोन्ही नळकांडी आत अडकलेली. नखाने निघेनात, चाकूने निघेनात. कळपाने उरलेली रात्र मळ्यात काढली. सकाळी आजोबांनी पुढून गज घालून ती ठोकून काढली. दोन्ही उभी चिरलेली, तोंडापासून अर्ध्यापर्यंत. आजोबांनी ती काकांच्या पुढ्यात टाकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दारू जास्त ठासलीस. माझा जीव घेणार होतास." काका म्हणाले, "मापानेच भरलीयेत." तेवढंच. आजोबांनी पेटीची किल्ली काढून घेतली. त्यानंतर काकांनी त्या बंदुकीला हात लावला नाही. पुढच्या वर्षी ते मुंबईला गिरणीत लागले. या एका गोष्टीमुळे गेले असं मी म्हणणार नाही, त्या काळी आमच्याकडे घराघरातून एक जण मुंबईला जायचाच. पण गणपतीला घरी आले तरी आजोबांशी त्यांचं बोलणं कामापुरतं. आणि आमच्या घरात कोणी काही जास्त केलं, मीठ जास्त घातलं, दिव्यात तेल जास्त ओतलं, की 'धाकट्यासारखं करू नकोस' हे वाक्य यायचं. मी ते लहानपणी शेकडो वेळा ऐकलेलं आहे. ऐकताना काका समोर असले तरी कोणी थांबत नसे.

आजोबा गेले, पुढे वडील गेले. परवाना नूतनीकरणाचे हेलपाटे कोणी घालेना, म्हणून बंदूक रीतसर पोलिसांत जमा केली. काका २०११ साली गेले.

गेल्या वर्षी जुन्या घराचा गोठा उतरवला. छप्पर काढताना माळ्यावर पत्र्याची पेटी मिळाली. त्यात चकत्यांचा तो ठसा, मापाची वाटी आणि चौदा पितळी नळकांडी. बुडावर इली, लंडन आणि १२ ही अक्षरं अजून वाचता येतात. चौदातली आठ उभी चिरलेली. घरातलं कोणीतरी म्हणालंच, "ही बघा, काकांची करामत."

मी ती पेटी घेऊन बसलो. चष्मा लावून एकेक नळकांडं पाहिलं. त्यातली तीन अजून पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यात होती. बुडाच्या खळगीत केप कधी बसवलीच नव्हती, घोड्याच्या टोकाची खूण नाही, आतून काजळी नाही, पितळ आतून अजून पिवळं. म्हणजे ती एकदाही भरलेली नाहीत, उडवलेली नाहीत. आणि तिघांपैकी दोन चिरलेली. आता मला सांगा, ज्यात दारूचा कणही पडला नाही ते दारू जास्त झाल्याने कसं फुटेल?

आमचा एक नातू धातूशास्त्र शिकलेला आहे. त्याला फोटो पाठवले. त्याने एकच प्रश्न विचारला, "आजोबा, पेटी कुठे ठेवलेली होती?" मी म्हटलं, गोठ्याच्या माळ्यावर. तो हसला आणि त्याने मला एक शब्द दिला, 'सीझन क्रॅकिंग'. त्या धाग्याने मी पुढे वाचत गेलो आणि थेट इतिहासातच येऊन पोचलो.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक विचित्र रोग छळत होता. पितळी काडतुसं पावसाळ्यात कोठारात ठेवायची, आणि पावसाळा संपून वापरायला काढली की त्यांच्या तोंडाशी भेगा. न वापरता, न उडवता. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याला हे नाव पडलं. कोणी हवेला दोष दिला, कोणी कारखान्याला. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात होती, आणि खरं दुखणं तिथे होतं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, ओल्या हवेत तो पितळेवर बसतो. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. ते थंडच ओढून, ताणून नळकांडं करतात, त्यामुळे तो ताण धातूत कोंडून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. अमोनियाने नेमक्या त्या ताणलेल्या जागी धातू पोखरायला घेतला की एक दिवस तो आपोआप उभा चिरतो. नुसता ताण असेल तर चिरत नाही, नुसता अमोनिया असेल तर पितळ फार तर काळंनिळं पडतं. दोन्ही एकत्र आले की संपलं. हे कोडं नीट सुटायला १९२१ साल उजाडावं लागलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते उलगडलं. उपायही साधा निघाला. तयार नळकांडं बेताने तापवायचं, म्हणजे आतला ताण जातो. आजही लष्करी काडतुसांच्या मानेवर जी निळसर-तांबूस झाक दिसते, ती अशा तापवण्याचीच खूण.

आता आमचा गोठा डोळ्यांपुढे आणा. सहा जनावरं, चार महिन्यांचा पाऊस, वाऱ्याला झडीने बंद केलेली जागा. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा तो वास ज्याने अनुभवलाय त्याला अमोनिया म्हणजे काय हे रसायनशास्त्राच्या सरांनी सांगायला नको. आणि त्याच्या बरोबर वर, माळ्यावर, पेटी. ही पेटी आधी माजघरात असायची. मुलांचे हात लागू नयेत म्हणून ती गोठ्याच्या माळ्यावर नेली, असं वडील सांगत, आणि ती नेणारे स्वतः आजोबा. किती साली नेली? १९५७ च्या पावसाआधी. म्हणजे त्या आश्विनातल्या रात्रीपर्यंत तीन पावसाळे ती काडतुसं गोठ्याच्या वाफेवर होती.

आणखी एक गोष्ट, जी तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवी होती. काळी दारू जागा खाते. नळकांड्यात चकत्या आणि छर्रे बसवायचे तर दारूला उरते ती जागा ठरलेली. मापापेक्षा बरीच जास्त ठासली तर वरचे छर्रेच मावणार नाहीत, मेण लावायला कड उरणार नाही. भरून भरून माणूस किती भरणार? पण घरातल्या कर्त्या माणसाने एकदा निकाल दिला की त्यावर अपील नसायचं. आजोबा वाईट नव्हते. रात्रभर डुकरांनी डोळ्यांदेखत मळा तुडवलेला, हातात चिरलेलं काडतूस आणि भरणारा समोर उभा. कोणीही तेच म्हटलं असतं. पण पुढची वीस वर्षं तेच म्हणत राहायला नको होतं, असं माझं मत आहे आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. जिथे १८१७ साली पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली त्याच परिसरातला. स्वातंत्र्यानंतर बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसं तिथूनच येऊ लागली, आधी कागदी आणि मग प्लॅस्टिकची. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. प्लॅस्टिकचं काडतूस अमेरिकेत १९६० ला निघालं. ते पावसात फुगत नाही आणि गोठ्यात चिरत नाही. त्यामुळे पितळी नळकांडी जगभरातच हौशी लोकांपुरती उरली, ब्राझीलमध्ये काही निघतात म्हणे. आमच्या भागात लोकांनी ती कधीच तांबटाकडे मोडीत दिली.

आमच्या चौदाचं काय करायचं हा प्रश्न होता. बंदूक ज्या पोलीस ठाण्यात जमा केली होती तिथे जाऊन ती दाखवली. रिकामी आणि अर्धी फुटकी आहेत हे पाहून त्यांनी नोंद करून परत दिली.

मग काकूंना फोन केला. काकू डोंबिवलीला असतात, वय नव्वदीच्या आसपास, कान मात्र तल्लख. मी सगळं सांगितलं, तबेले, अमोनिया, १९२१, सगळं. मास्तरकीची सवय, जरा जास्तच सांगितलं असेल. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "मामंजी असताना हे कुणाला कसं कळलं नाही रे?" मी म्हटलं, काकू, तेव्हा गावात कुणाला माहीत असणार! पुन्हा थोडा वेळ गेला. "ह्यांनी मापानेच भरली होती. मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

येत्या रविवारी डोंबिवलीला जातो आहे. त्यांनी एक नळकांडं मागितलंय. मी अखंड असलेल्यांपैकी चांगलं घासून ठेवलं होतं, तर म्हणाल्या, "ते नको. न भरलेलं ते चिरलेलं आण."